डाव्या चाकाचा खांदा

१८ जुलै, शुक्रवार

आज सेनगावच्या अलीकडच्या वळणावर ब्रेक दाबला आणि पुढच्या डाव्या चाकातून जात्यात खडा आल्यासारखा आवाज आला. मागून पुनमने विचारलं, "ताई, काय भरडून राहिलं?" मी म्हणाले, काही नाही, रस्त्यावर खडी आहे. रस्त्यावर खडी नव्हती. म्हणजे मी खोटं बोलले, आणि तेही गाडीत चार पोरी बसलेल्या असताना. हे आधी लिहून टाकते, मग बाकीचं.

पोरींना कॉलेजात सोडून तशीच हळूहळू मोहनसिंगकाकांच्या गॅरेजवर गेले. त्यांनी चाक खोललं. चाकाच्या आत लोखंडी चकती असते आणि तिला दोन्ही बाजूंनी धरणारे दोन पॅड. चिमट्याने निखारा धरावा तसे. त्यातला आतला पॅड पार संपला होता, नुसती लोखंडाची पाटी उरली होती.

"गाडी बुढी है," काका म्हणाले, "और तुम्हारा पाँव ब्रेकपेच रहता होगा, बेटा. नये चलानेवालों का रहता है. आदत है, जाते जाते जाती."

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. समजावून सांगितलं म्हणून जास्त लागलं. मी म्हणाले, चारही चाकं बघा. मागची ठीक होती. उजव्या चाकातले दोन्ही पॅड सारखेच आणि चांगले जाड होते, पण दोन्हीकडचे बरोबरच बदलायचे असतात म्हणून बदलले. जुने मी कागदात गुंडाळून मागून घेतले. काका म्हणाले, "क्या करती इनका? अचार?"

परत येताना सगळा वेळ उजव्या पायाकडे लक्ष. त्यामुळे एका म्हशीकडे जरा उशिराच लक्ष गेलं. म्हशीला काही झालं नाही.

२० जुलै, रविवार

जुने पॅड ओट्यावर मांडून बसले होते. आई भाकरी टाकता टाकता म्हणाली, "ही एक जळाली, ही कच्ची. तवा वाकडा हाय तुझा." मी म्हटलं, आई, तवा नाही, माझा पाय वाकडा आहे. ती म्हणाली, "पायाचं मला ठावं न्हाई. भाकरीचं सांगितलं."

माझी पहिली शाळा या चुलीपुढेच झाली. आम्ही तेव्हा शेतातल्या आखाड्यावर राहायचो, पुसेगावची शाळा लांब, म्हणून आठव्या वर्षापर्यंत मी घरीच शिकले. आईने परातीत हळद पसरून बोटाने अक्षरं गिरवायला लावली. आबांनी जनावरांचं शिकवलं: कोणत्या पायाने लंगडतंय, का लंगडतंय, कुठे हात लावायचा. माझा घाबरा स्वभाव मात्र कोणी शिकवलेला नाही. तो मी आपोआप शिकले.

आबांनी दोन वर्षांमागे गुडघ्यामुळे बैल सोडले. हरण्या आणि बांड्या बाळापूरच्या मामाकडे गेले आणि आमच्याकडे ही जुनी पांढरी गाडी आली. माझा धाकटा भाऊ हरीश तिला बगळी म्हणतो. या जूनपासून मी बगळीतून गावातल्या चार पोरींना सेनगावच्या कॉलेजात नेते-आणते, कारण संध्याकाळची एसटी कधी येते ते एसटीलाही माहीत नसतं. पहिल्याच दिवशी पुनमचे वडील उत्तमराव मला म्हणाले होते, "तू हायेस म्हणून धाडून राहिलो. तू बंद, तं पोरीचं कॉलेज बंद." ते बोलून विसरले असतील. मी रोज किल्ली फिरवताना आठवते.

२८ जुलै, सोमवार

नवे पॅड छान चालले आहेत. पाय मी आता ब्रेकपासून इतका लांब ठेवते की पोटरीत गोळा येतो.

सकाळी एक विचित्र गोष्ट. काल गाडी लावताना चाकं सरळ केली होती, आज ती पूर्ण डावीकडे वळलेली. आबा तिथेच पुढच्या चाकापाशी बसलेले, हातात वाटी.

"काय करून राहिले, आबा?"

"काई न्हाई. चिखल काढून राहिलो."

चाकं मी सरळ केली असं मला वाटतं, पण मला रोज रात्री गॅस बंद केला असंही वाटतं आणि तरी दोनदा उठून बघावं लागतं. पुढे जास्त लक्ष ठेवायचं.

आई आज मांजरावर चिडली आहे. लोण्यात तोंड घातलं म्हणे.

४ ऑगस्ट, सोमवार

चाकं पुन्हा डावीकडे. काल तर मी कॉलेजच्या पोरींतल्या निलमला दाखवून सरळ केली होती. माझ्या डोक्याचं काही खरं नाही.

येताना निलम म्हणाली, "ताई, गाडीत शिऱ्याचा वास येऊन राहिला." सगळ्यांनी नाक वर केलं. खरंच येत होता. रस्त्याकडेच्या कोणाच्या तरी घरून आला असेल, श्रावणी सोमवार आहे. पण पुढे घरं संपली, रान लागलं, तरी येतच होता. चौघींना भूक लागली आणि मला पुढच्या टपरीवर गाडी थांबवून भजी घ्यावी लागली.

आईने लोण्याचं गाडगं शिंक्याला टांगलं.

९ ऑगस्ट, शनिवार

आज राखी. हरीशने विचारलं, ओवाळणी काय पाहिजे. मी म्हणाले, डावं चाक खोलून दे.

"लोकांच्या बहिणी साडी मागतात," तो म्हणाला, पण खोललं.

तीनच आठवडे झाले आणि आतला पॅड निम्म्यावर आला आहे. बाहेरचा जवळजवळ नवा. हरीश पालथा पडून बघत होता. म्हणाला, "आक्का, पाय हाय का रोड रोलर?" मग माझं तोंड बघून म्हणाला, "गंमत केली." पण गंमत नव्हती. पॅड तसेच होते.

आणखी तीन आठवड्यांनी काय होईल ते मला दिसतं: उतार, बैलगाडी आडवी, पोरी मागे बसून गाणं म्हणत असतील. मी संध्याकाळी उत्तमरावांकडे गेले आणि सांगितलं की माझ्या चालवण्यात दोष आहे, तो कळेपर्यंत मी कोणाला बसवणार नाही. बाकीच्या तिघींच्या घरीही सांगितलं. निलम आणि बाकीच्या दोघी एसटीचं बघू म्हणाल्या. उत्तमराव नुसतं "बरं" म्हणाले. मग म्हणाले, "खरं सांगितलंस ते चांगलं केलंस. पुनम ऱ्हाईल घरी."

पुनम दारात उभी होती. ती काही बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती आत गेली आणि भांडी घासायला बसली.

१० ऑगस्ट, रविवार

आबांनी विचारलं, गाडी काहून उभी. मी सगळं सांगितलं. ते गुडघा चोळत ऐकत होते.

"हरण्याच्या खुराची पत्री अशीच एका कडेनं झिजायची," ते म्हणाले. "डाव्या. तुझा आज्जा त्याला शिव्या द्यायचा, म्हणायचा, बैल खोडीचा हाय, पाय घासतो. मी म्हणलं, थांबा. जू काढून पाह्यलं तं जू एकीकडं वाकलेलं. सगळा भार त्याच्याच खांद्यावर. नवं जू घातलं, पत्री बराबर झिजाया लागली. पत्री वाकडी झिजली तं बैलाला शिव्या देऊ न्हाई, नंदे. जू पाहावं."

मग उठून गाडीपाशी गेले. डाव्या चाकावर हात ठेवून म्हणाले, "बिचारी. जास्तच तकलीफ हाय हिला. जास्त जपाया पाहिजे."

मला वाटलं, माझ्याबद्दल बोलतात. मग लक्षात आलं, गाडीबद्दल.

११ ऑगस्ट, सोमवार

आज परीक्षा घेतली, माझ्या पायाची. हरण्याच्या घुंगरमाळेतलं एक घुंगरू काढून ब्रेकच्या पायट्याला बांधलं. पाय लागला की वाजणार, लपवता येणार नाही. हरीशला शेजारी बसवलं, ऐकायला.

पुसेगावच्या बाहेर पडेपर्यंतच घुंगराने गोंधळ मांडला. खड्डा आला की वाजे, गतिरोधक आला की वाजे, गाडी उभी असताना शेजारून ट्रक गेला तरी वाजे. हरीश म्हणाला, "आक्का, हे तुझ्या पायानं न्हाई, सरकारच्या रस्त्यानं वाजून राहिलं." वाटेत दोन म्हाताऱ्या बाजूला झाल्या आणि मागे वळून बैल शोधायला लागल्या.

परत आल्यावर घुंगरू सोडून माळेत ओवलं. आबा बघत होते. त्यांनी माळ हातात घेऊन जरा वाजवली आणि पुन्हा खुंटीला लावली.

चाकं आज सकाळीही डावीकडे होती. लोणी शिंक्यावरून गेलं आहे. आई म्हणते, मांजर आता उडायला शिकलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

भाकरी खाताना एकदम सुचलं. ब्रेकवर पाय असला की गाडीच्या मागे लाल दिवे लागतात. मी पाय ठेवून बसत असेन तर मला नाही, मागच्याला दिसेल.

हरीश मोटरसायकलवर मागे. त्याला बजावलं, माझी दया करायची नाही. सेनगावपर्यंत गेलो आणि आलो. मी नेहमीसारखीच चालवली. म्हणजे नेहमीसारखी चालवण्याचा खूप प्रयत्न केला, आणि तसा प्रयत्न केला की काहीच नेहमीसारखं होत नाही. पण परतीला मेंढरांचा एक कळप लागला, त्या गडबडीत मी दिव्यांचं विसरलेच, तेव्हा तेवढा भाग तरी खरा धरायला हरकत नाही.

हरीश उतरला आणि पहिल्यांदाच माझ्याशी न चिडवता बोलला. "दिवा लागला तवा तू दाबला व्हता. सोडला की विझला. मेंढराजवळबी. तुझा पाय न्हाई, आक्का."

"नक्की?"

"राखीची शपथ."

मग मला जे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं ते सुचलं. पायटा एकच आहे. तो दाबला की जोर डावीकडेही जातो, उजवीकडेही. माझा पाय खोडीचा असता तर उजव्या चाकाचे पॅडही तसेच झिजले असते. ते तर सारखे होते. आणि डाव्यातही फक्त आतला. माझ्या एका पायाला इतकं निवडून झिजवता येत असेल तर मी सर्कशीत जावं.

पत्री वाकडी झिजली तर बैलाला शिव्या देऊ नये. जू पाहावं.

मला आनंद झाला. मग भीती वाटली की मी स्वतःला सोडवण्यासाठी असा विचार करते आहे. मग आईने वाढलेली दुसरी भाकरी खाल्ली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाच दिवस पावसाने हलू दिलं नाही. आज उघडीप मिळाली तशी मी आणि हरीश हळूहळू गाडी घेऊन मोहनसिंगकाकांकडे गेलो.

"फिर पॅड?" काका म्हणाले.

"पॅड नका बदलू, काका. पॅड ज्याच्यावर सरकतात ते दाखवा."

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि चाक खोललं. पॅड एका लोखंडी जबड्यात बसवलेले असतात. ब्रेक दाबला की आतल्या पॅडला सरळ ढकललं जातं, आणि जबडा दोन खुंट्यांवरून सरकतो म्हणून बाहेरचाही ओढला जाऊन चकतीला लागतो. जबडा सरकलाच नाही तर आतला एकटा सगळं ओझं ओढतो, आणि पाय काढला तरी पुरता सुटत नाही. काकांनी जबडा हाताने हलवून पाहिला. हलला नाही. मान हलवली. "ये मैंने पिछली बार देखनाच चाहिये था. पॅड डाला और छोड दिया."

खुंट्यांवर रबरी टोप्या होत्या, फाटलेल्या. काकांनी पकडीने ओढलं, मग हातोडी घेतली. खुंट्या निघाल्या तेव्हा त्यांवर तव्याला धरलेल्या खरपुडीसारखं काहीतरी घट्ट बसलेलं होतं. खाली काळं, वर तपकिरी, आणि सगळ्यात वर पिवळं.

"ये कौनसा ग्रीज है?" काकांनी बोटावर घेऊन चोळलं. "मैंने जिंदगीमें नहीं देखा."

हरीशने वास घेतला. "हळद," तो म्हणाला. "हळद आन लोणी."

हिंगोली जिल्ह्यात हळद ओळखायला कोणाला शिकावं लागत नाही. गॅरेजातले सगळे जमले, प्रत्येकाने वास घेतला. एक जण म्हणाला, "फोडणी देऊन राहिले का गाडीला?" हरीश तर टायरवर बसून हसला.

मी हसले नाही. माझ्या डोळ्यांपुढे एकामागून एक सगळं येत होतं: हात आत जावा म्हणून वळवलेली चाकं, वाटी, चिखल, शिऱ्याचा वास. उडणारं मांजर.

काकांनी खुंट्या पॉलिश पेपरने घासून चकचकीत केल्या, नव्या टोप्या घातल्या, ब्रेकचं खरं ग्रीज लावलं आणि नवे पॅड बसवले. जबडा बोटाने ढकलला तर सरकला. मला तो ढकलायला दिला. मी चार-पाच वेळा ढकलला. बरं वाटत होतं.

येताना उत्तमरावांकडे थांबले. सांगितलं, गाडी दुरुस्त झाली, दोष माझ्या पायात नव्हता.

"मंग कशात व्हता?"

"चुकीचं ग्रीज पडलं होतं."

ग्रीज म्हणजे वंगण, आणि लोणी हेही वंगणच. तरी हे अर्धं खोटं आहे, आणि या वहीतलं दुसरं. पण आबांचं नाव मला तिथे घेता आलं नाही.

उत्तमराव म्हणाले, "मंग उद्यापासून?" मी हो म्हणायच्या आत पुनम दप्तर घेऊन दारात. म्हणजे आतून ऐकत होती. तिच्या वडिलांनी तिला उद्या म्हणजे उद्या, आज नव्हे, असं समजावलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा. काल आणि आज पोरींना नेलं-आणलं. पॅड घासत राहिला की चाक तापतं, म्हणून घरी आल्यावर डाव्या चाकाला हात लावला, मग उजव्या. दोन्ही सारखेच कोमट. असं कोमट मला आयुष्यात कशाचं आवडलेलं नाही.

आबांना मात्र काही सांगितलं नव्हतं. हरीशलाही बोलू दिलं नव्हतं. पण पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ ही बैलांचे खांदे चोळून त्यांना जेवायचं आवतण द्यायची संध्याकाळ, आणि मला माहीत होतं की दिवस मावळायला वाटी बाहेर येणार. आली. आज आबा लपवत नव्हते. वाटीत हळद-लोणी, हातात पळसाचं पान, बगळीच्या डाव्या चाकापाशी बसले.

मी चार वाक्यं पाठ केली होती. जुना पॅड घेऊन शेजारी बसले आणि चारही विसरले.

"आबा, गाडीचा खांदा तिथं नसतो."

त्यांनी वर बघितलं नाही. "शिवळा हायेत की. मागच्या पोळ्याला पंक्चर काढताना पाह्यल्या म्या, तवाबी चोळल्या. दोन. जूवाच्या टोकाला खुंट्या असत्यात तशा. शिवळ हाय तिथं खांदा. त्या चकतीला न्हाई लावलं काई, तेवढं कळतंय मला."

"त्या खुंट्या सरकाव्या लागतात. लोणी तापून चिकटलं. त्या अडकल्या."

मी पॅड त्यांच्या हातात दिला. पत्रीच्या कडेवरून फिरवायचे तसा त्यांनी अंगठा फिरवला. इकडून, मग तिकडून.

"म्हंजे जू म्याच वाकडं केलं," ते म्हणाले.

त्यांनी पॅड मांडीवर ठेवला.

"आन तू आपल्या पायाला शिव्या देत बसलीस. पोरी घरी बसवल्या. काहून बोलली न्हाईस?"

"तुमी बोलले का, मांजर तुमी हायेत म्हणून?"

चुलीपासून आईचा आवाज आला. "मांजराला मिशा हायेत ते मला लोणी शिंक्यावरून गेलं तवाच ठावं झालं व्हतं."

"मंग गप काहून बसलीस?" आबा म्हणाले.

"मला काय ठावं चाकात घालून राहिले ते. मला वाटलं, खाऊन राहिले. गुडघ्याला बरं, म्हणलं, खाऊ द्या."

आबा हसले. आधी नाकातून, मग सगळेच हलले. वाटीतलं लोणी सांडायला आलं म्हणून मी ती धरली.

"सोमवारी त्याला मोकळा ठेवायचो," हसू ओसरल्यावर ते म्हणाले. "हरण्याला. श्रावणात. खांदा चोळायचो." मग वाटीकडे बघून म्हणाले, "आता हे कुठं लावू? खांदा कुठं हाय हिचा?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, गाडीला खांदा नसतो, इंजिन असतं, ते ओढतं.

"आन त्याला हाकतं कोण?"

"मी."

"थांबवतं कोण?"

"मीच. म्हणजे ब्रेक. पण दाबते मी."

"चार लेकरं कोणाच्या भरवशावर जात्यात?"

याचं उत्तर मी रोज किल्ली फिरवताना टाळते, म्हणून आजही दिलं नाही. आबांनी पळसाचं पान लोण्यात बुडवलं आणि माझ्या डाव्या खांद्यावर, ओढणी बाजूला करून, कुर्त्यावरूनच चोळलं. सावकाश, बैलाचं दुखरं ठिकाण शोधावं तसं. मग उजव्या. आई ओरडली, डाग जायचा नाही. हरीश फोटो काढायला धावला.

चोळून झाल्यावर आबा गुडघ्यावर हात ठेवून उठले. बैलांशी ते कधी अरेतुरे बोलले नाहीत. माझ्याशी आजवर अहोजाहो बोलले नाहीत. आज हात जोडून म्हणाले,

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

बैल यावर काही बोलत नाही. नुसती मान हलवतो. मीही तेच केलं.